हळद यार्डाचा सर्व्हर

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आपल्या हळद यार्डाच्या सर्व्हर रूममध्ये तुमच्या खुर्चीत बसायला मला अजून संकोच वाटतो. तुमच्यामागं सीनियर सिस्टम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मीच झालो, पण कसलं काय! यंदा लिलाव सुरू झाला की सर्व्हर जागच्या जागी बसायचा, बोलीचे आकडे हलायचेच नाहीत. डोंगरकडा गावचा आडत्या दारात येऊन ओरडायचा, "साहेब, तुमची मशीन झोपली काय?" यार्डाच्या मालकांनी तर सरळच सांगितलं होतं, असंच चाललं तर सगळं पुण्याच्या कंपनीकडं देऊन टाकू. म्हणजे ही खोली बंद आणि मीही बंद. या वयात हिंगोलीत हे काम मला दुसरं कोण देणार?

तुम्ही एकदा माझ्यावर काय भडकला होतात! मी नवाच होतो. एका दमात चार सेटिंग बदलल्या, सर्व्हर पळायला लागला आणि मी छाती फुगवून उभा. तुम्ही हातातली भाकर डब्यात ठेवता आणि विचारता, "कशानं पळून राहिला रे?" मला कुठं माहीत! "मंग उद्या बसला तर काय करशील, अगरबत्ती लावशील? एकच गोष्ट बदल. मंग यार्डात चक्कर मार, आडत्यांना विचार फरक पडला काय म्हून." लई राग आला होता तुमचा.

यंदा तसंच केलं. मेमरी वाढवली, चक्कर मारली. आडत्यांनी शिव्याच घातल्या. मग डिस्क बदलली, तरी तेच. शेवटी दराचं पान उघडून बसलो, तर काय! ते बिचारं प्रत्येक बोलीला मागच्या सगळ्या हंगामांच्या ढिगांच्या नोंदी धुंडाळत होतं. आजचे ढीग तेवढे वेगळे काढले. त्या दिवशी यार्डात गेलो तर कुणी माझ्याकडं बघेचना, सगळे बोलीत दंग. तुम्ही पाहिजे होतात सर, खरंच पाहिजे होतात.

काल मालकांनी बोलावून पाठ थोपटली. "वा, झकास चालून राहिला! पुण्याचे लोक अडून बसले होते, आधी नीट चालवून दाखवा म्हणे. आता त्यांना सगळं न्यायला काही तकलीफ न्हाई." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? पुण्याच्या लोकांना सगळं काढून देण्याचं कामही माझ्याचकडं आलंय. पुढं काय करायचं, काही सुचत नाही. घरी अजून बोललेलो नाही.

हे तुम्हाला पोचायचं नाही, म्हणूनच लिहवतंय. मालकांनी पाठ थोपटली ना सर, तेव्हा मला बरं वाटलं.