पांढरा काढून टाकल्यावर

पप्पा, तुमचा रंग सापडला. हे आधी सांगून टाकते, कारण सकाळपासून हातातलं काम धड होत नाही आणि हे घरात कुणाला कसं सांगायचं ते मला जमत नाही. मी फार बोलत नाही हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी चौथीत होते आणि तेव्हाही बोलत नव्हते. आता मी परभणीला दातांच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. दवाखान्यांतून मापं येतात, मी दातावर बसवायच्या कॅप बनवते. शेजारच्या दाताशी रंग जुळला नाही तर कॅप परत येते, म्हणून आमच्याकडे नमुन्याच्या दातांची एक पट्टी असते. पेशंटच्या दाताशेजारी एकेक नमुना धरायचा आणि जुळेल तो निवडायचा. लोकांना वाटतं दात पांढरा असतो. दात मुळाशी पिवळसर, मध्ये दुधी आणि टोकाला जवळजवळ पारदर्शक असतो. खालचा थर वरच्यातून दिसतो, म्हणून तो जिवंत वाटतो. कातडीचंही तसंच आहे, हे मला रविवारी घरी छोट्या बाहुल्या रंगवताना कळलं. लॅबच्या थ्रीडी प्रिंटरवर मालकांना विचारून काढलेल्या, अंगठ्याएवढ्या उंचीच्या बाहुल्या: हमाल, पोलीस, कापसाच्या गाडीवर बसलेली बाई. कपडे कुणालाही रंगवता येतात. चेहऱ्याशी आलं की हात अडतो.

हॉलमधला तुमचा फोटो तुम्ही पाहिलेला नाही. तेराव्याच्या आधी तुमच्या मित्रानं, बसस्टँडसमोर ज्यांचा स्टुडिओ होता त्यांनी, कॉम्प्युटरवर करून दिला. मायेनं केला, म्हणूनच उजळ केला. त्यात तुमचे गाल गुलाबी आहेत, कपाळावर पीठ चाळल्यासारखं दिसतं आणि मागे निळं आकाश आहे. दुसरा फोटो शोधायला गेलं तर तुम्ही कायम कॅमेऱ्याच्या मागे. लग्नाच्या अल्बममधले रंग उडून सगळं वऱ्हाड लाल झालंय, नवरदेवासकट. दादाची मुलगी तुम्हाला 'गोरे आजोबा' म्हणते. आईनंही तो फोटो रोज पुसता पुसता मान्य करून टाकला. मागच्या दिवाळीनंतर मला बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या मावशीनं पोहे खाता खाता आधी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आईला विचारलं, "वडील तर चांगले गोरे व्हते की. पोरगी कुणावर गेली म्हणायची?" आई म्हणाली, "आमच्या माहेरावर." मी रिकामे ग्लास उचलून आत गेले. ते स्थळ जमलं नाही याचं मला काही नाही. पण लहानपणापासून जो तो मला सांगत आला होता की मी रंगानं बापावर गेले. कौतुकानं नव्हे, पण तुमची म्हणून माझ्याकडे तेवढीच एक गोष्ट होती, आणि आईनं ती त्या दिवशी उचलून माहेरी पाठवून दिली. अजून काही वर्षांनी तुमचा खरा रंग सांगणारं कुणी उरणार नाही, फक्त फोटो उरेल. ते मला चालणार नव्हतं. म्हणून ठरवलं की तुमचं डोकं करायचं, मोठ्या बोराएवढं, आणि त्याला तुमचा रंग द्यायचा.

गंमत अशी की अख्ख्या सेलू गावाला फोटोत उजळवणारे तुम्हीच. अजून डोळ्यांसमोर आहे: मी तुमच्या स्टुडिओत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेली आहे. बोरीची एक बाई आपल्या मुलीला बघण्याच्या फोटोसाठी घेऊन आलेली आहे. मुलीच्या तोंडावर पावडर, मानेवर नाही. बाई तुमच्या कानाशी येऊन म्हणते, "पोरगी जरा सावळी हाय. फोटोत तेवढी दिसू देऊ नका."

"मावशी, फोटोत मी उजळवतो. मांडवात कोण उजळवायचं?"

"मांडवात हळद लागंल ना."

मुलीला हसू फुटतं आणि तुम्ही नेमकं तेव्हाच बटण दाबता. दिव्यांखाली तुमच्या कपाळावर घाम आहे. पंखा बंद आहे, कारण पंखा लावला की मागचा पडदा हलतो. मग आतल्या टेबलावर पांढऱ्या रंगाची बाटली उघडते. गेलेल्या माणसांचे मोठे करून घेतलेले फोटो, लग्नाच्या मुलींचे फोटो, सगळे त्या बाटलीसमोर रांगेत. तुम्ही ब्रशचं टोक ओठांत धरून टोकदार करता, थोडा पांढरा घेता आणि गालाच्या हाडावर टेकवता. मला त्यातलं काही वाईट वाटत नव्हतं. मला ते हवंच होतं. शाळेच्या ओळखपत्रासाठी तुम्ही माझा फोटो काढलात, हनुवटी दोन बोटांनी खाली केलीत, तेव्हा मी म्हणाले, "मलापण करा ना त्या पोरीसारखं." तुम्ही ब्रश खाली ठेवलात. "का? तुझं तोंड काय दुरुस्तीला आलंय?" एवढ्या जोरात की बाहेर बसलेली गिऱ्हाइकं आत वाकून बघायला लागली. मी रडले नाही. थोड्या वेळानं तुम्ही मला शून्य नंबरचा ब्रश दिलात, नवा, आणि धुळीचे ठिपके पडलेला एक प्रिंट. "ठिपके बुजव. चेहऱ्याला हात लावायचा न्हाई." तो ब्रश अजून आहे. त्याचे केस केव्हाच फाकले, आता मी त्यानं रंग ढवळते.

तर डोकं. नाकडोळे फोटोवरून घेतले. तुमच्या मित्रानं रंग बदलला होता, नाक नव्हतं बदललं. प्रिंट छान आला. मग मी रंगाला बसले आणि पहिलंच डोकं बिघडवलं. खाली गडद तपकिरी दिला, आणि नाकाचा दांडा, गाल, भुवयांवरचं हाड उचलायला त्याच तपकिरीत पांढरा मिसळत गेले. दुसऱ्या कुणाला कदाचित सुचलं नसतं. पण मी तुमच्या टेबलाशी मोठी झालेली, माझा हात आपोआप पांढऱ्याकडे जातो. सुकल्यावर बघितलं तर पिठाच्या गिरणीतून बाहेर आलेला माणूस. अजून पातळ करून बघितलं, तरी राखच. सावळ्या रंगात पांढरा घातला की उजेड येत नाही, रक्त जातं. हे कळायला मला तीन रविवार लागले. चौथ्या रविवारी पांढऱ्याची बाटली पॅलेटजवळून उचलून कपाटात ठेवली, आणि पप्पा, त्याच दिवशी काम सुरू झालं.

पण कुठल्या रंगाकडे जायचं हे ठरवायला साक्षीदार हवा होता. आई 'गव्हाळ'च्या पुढे सरकत नव्हती. म्हणून मी रेझिनच्या, म्हणजे लॅबमधल्या कडक प्लास्टिकच्या, तुकड्यांवर कातडीचे रंग देऊन दातांसारखीच एक पट्टी तयार केली आणि रविवारी पेडगावला आत्याकडे गेले. तुमच्या सख्ख्या बहिणीच्या हातापासून सुरुवात करणं मला शास्त्रशुद्ध वाटलं. तिला दारात सावलीला बसवलं, बांगड्या वर सारायला लावल्या आणि मनगटाच्या आतल्या बाजूला एकेक तुकडा धरायला लागले.

"काय करायलीस गं हे?"

"रंग बघतेय."

"आता माझा रंग बघून काय करतीस? माझं लगीन झालंय." मग आत सुनेकडे तोंड करून, "अगं ये, बघ, पाव्हणे आलेत मला बघायला."

तिचा तुकडा सापडला. मग विचारलं, पप्पा तुझ्याहून उजळ होते का गडद. म्हटलं, आई तर गव्हाळ म्हणते.

"गव्हाळ? तुझ्या आईनं गहू बघितलाय का कधी? माझा भाऊ काळा व्हता. माझ्याहून काळा."

"किती?"

"किती म्हंजी? मापून घेतला नव्हता बाई."

तेवढ्यात सुनेनं चहा आणला. आत्यानं आपल्या कपात बघितलं, माझ्या कपात बघितलं आणि एकदम गंभीर झाली. "हे बघ. हा चहा माझा रंग. ह्यात दूध निम्मंच घाल. मग कसा लालसर दिसतोय, तसा तो. नुसता काळा न्हाई, आतून लाल. उन्हातून आला की कानाच्या पाळ्या पेटल्यावानी दिसायच्या." मी सुनेला निम्म्या दुधाचा चहा करायला सांगितला, कप उंबऱ्यावर ठेवला आणि पट्टी त्याच्याशेजारी धरली. आत्या सुनेला म्हणाली, "शिकून डोकं फिरलंय पोरीचं." पण तुकडा जुळला तेव्हा पहिलं बोट तिनंच ठेवलं. मी परतीच्या गाडीत तो तुकडा रुमालात धरून बसले होते. लॅबमध्ये हजारो रंग जुळवलेत, असं कधी झालं नव्हतं.

आता कसं केलं ते ऐका, हे समजणारे तुम्हीच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रंग ब्रशवरच सुकतो, म्हणून स्टीलच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. सगळ्यात खाली लाल-तपकिरी, गेरूच्या जवळचा. त्यावर काळसर तपकिरी, ताकाच्या निवळीइतका पातळ, म्हणजे खालचा लाल बुजत नाही, आतून दिसत राहतो. दाढीच्या जागी निळसर हिरव्याची नुसती सावली. खालच्या ओठावर, नाकपुड्यांवर, कानाच्या पाळ्यांवर किरमिजी. उजेडाच्या जागा यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, आणि थोड्या नारिंगीनं, अगदी टोकाला कणभर निळा, कारण सावळ्या कपाळावर आकाश पडतं. पांढरा कुठेही नाही. डोळ्यांतसुद्धा नाही, तिथे फिकट पिवळट राखाडी. प्रत्येक थर सुकेपर्यंत थांबायचं, दारात नेऊन बघायचं. शेवटच्या थरानंतर ते डोकं नीट होतं, बरोबर होतं, आणि तरी मेलेलं होतं. मग मला तो बंद पंखा आठवला. बाकी चेहरा कोरडा ठेवून फक्त कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर थोडं चमकणारं वॉर्निश टेकवलं. आणि तुम्ही दिव्यांखाली उभे राहिलात. मी खुर्ची मागे सारून उठले आणि उगीचच अंगणात जाऊन आले.

पण मला वाटून काय उपयोग? कॅप बसते की नाही ते पेशंटच्या तोंडात ठरतं. म्हणून मी त्याच साच्याची अजून दोन डोकी रंगवली. एक फोटोसारखं गोरं, एक आईच्या शब्दाप्रमाणे गव्हाळ. आज सकाळी ती तिन्ही ताटलीत ठेवून आईसमोर नेली. ती अंगणाच्या पायरीवर मेथी निवडत होती. चष्मा आणून दिला आणि एवढंच विचारलं, "यातले पप्पा कोणते?" माझा आवाज सरळ होता. हात मी मागे धरले होते.

तिनं गोरं डोकं उचललं. "हा फोटोतला." ठेवलं. गव्हाळ उचललं आणि हसली. "हा स्थळ सांगून आलं तेव्हाचा. मुलगा गव्हाळ आहे म्हणाले होते."

"मग?"

"मग काय, मांडवात बघितले."

तिसरं तिनं तळहातावर घेतलं. उजेडाकडे वळवलं. तिनं पदराचं टोक बोटावर गुंडाळलं आणि त्या बोराएवढ्या डोक्याचं कपाळ पुसलं. मग परत पुसलं. "पंखा लावायचेच नाहीत," ती म्हणाली. "पडदा हलतो म्हणून." मी म्हणाले, ते वॉर्निश आहे, पुसून जाणार नाही. ती म्हणाली, "माहीत आहे." मग मेथीची जुडी पुढे ओढली, आणि माझ्याकडे न बघता मेथीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "आमच्या माहेरी असा रंग कुणाचाच नाही."

बाकीची दोन तिनं मला परत दिली. तुम्हाला शोकेसमध्ये ठेवलं नाही, स्वयंपाकघरात ओट्यावरच्या फळीवर ठेवलंय, मिठाच्या बरणीशेजारी. तिथे सकाळी पूर्वेचा उजेड येतो आणि तुम्ही बरोबर दिसता. मी दोनदा जाऊन तपासलं. फोटो हॉलमध्ये आहे तिथेच आहे, तो तुमच्या मित्राचा आहे, राहू दे.

हा शेवटचा कागद भरत आला, मागची बाजू तेवढी कोरी. उद्या त्यावर ब्रश टिपायचा आहे, कारण कापसाच्या गाडीवरच्या बाईचाही पांढरा मला काढायचाय. एक सांगायचं राहिलं. फोटो समोरून आहे, त्यामुळे बाजूनं तुमचे कान कसे होते ते कळेना. आत्याला पाळ्यांचा रंग आठवत होता, आकार नाही, आणि आईला विचारलं असतं तर चाचणी बिघडली असती. म्हणून ते मी आरशात बघून माझे बसवलेत. आईच्या ते लक्षात आलं की नाही, मी विचारलेलं नाही.