कपिलीच्या तोंडचा घास

हिंगणा, नागपूर
१२ नोव्हेंबर २०२४

चि. मिनल,

आशीर्वाद. इकडे सारं बरं आहे असं लिहाची रीत आहे म्हणून लिहिलं. बरं काही नाही. फोनवर तू 'बाबा, मीटिंगमध्ये आहे' म्हणते अन् ठेवून देते, म्हणून कागद घेतला.

तुह्या त्या संशोधनानं डोकं उठवलं वं. गाईच्या पोटातले जंतू गॅस करतात, तो ढेकरातून निघते, त्यानं जग तापते. बरं बावा, तापते. म्हणून माह्या दहाही गाईंच्या गळ्यात गॅस जमवायचे डबे? पाच गाईंले जंतू मारायची पावडर, पाच गाईंले साधी सरकीची ढेप. शेजारचा गिरिधर रोज विचारते, 'काकाजी, आज किती ढेकर?'

अन् मारोतरावाले तू कामावरून काढलं. वीस वर्षं गोठा सांभाळला त्यानं. पावडरवाल्या मोगरीच्या पोटात दुसऱ्या गाईचे जंतू निघाले, तुह्या तीन महिन्यांच्या मेहनतीचं वाटोळं झालं, हे मले समजते. पण त्याचीच चूक धरून तू त्याले बोलत होती तवा मी तेथंच चहा पीत बसलो होतो. आता तो एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर चौकीदार लागला.

आता ऐक. मोगरी दोन दिवस रवंथ करत नव्हती. तुले फोन केला, तू म्हणली, 'प्रयोगाचे चारच दिवस राहिले, काही औषध देऊ नका.' औषध नाही दिलं. माह्या बापानं शिकवलं होतं तसं, साध्या ढेपवाल्या कपिलीच्या तोंडातून रवंथाचा गोळा काढला अन् मोगरीच्या घशात घातला. मी घातला. मारोतरावानं फक्त जबडा धरला. 'ताईले विचारा,' असं तो दोनदा म्हणला, मीच त्याले चूप केलं. सकाळी मोगरी खायले लागली.

मोगरीले वाचवलं त्याचा पस्तावा नाही. तुह्यासमोर गप्प बसलो त्याचा आहे.

काल त्याच्या गेटवर गेलो. म्हणलं, 'मिनलले सारं सांगतो.' तर म्हणे, 'काहून सांगता, भाऊ? मले काम भेटलं. पोरीले बाप दुसरा कोठून भेटन?'

हे पत्र तुह्या गाईडसाहेबाले दाखव, म्हणून पूर्ण नावानं सही करून राहिलो. मारोतरावाले आणायले तूच जा, माह्यासंगं तो येत नाही. माह्याशी बोलायचं का नाही, ते मग ठरव.

हे मी केलं.
वामनराव सदाशिव झाडे
(तुहा बाप)