चार पूर्णांक अडतीस

२ मार्च, इंडियानापोलिस
अमेरिकन फुटबॉलची निवड चाचणी. चार दिवसांत तीनशे कॉलेज खेळाडू मोजले. उंची, वजन, तळहात, चाळीस यार्डांची धाव. आमच्या संघाचे जनरल मॅनेजर रस्कोविच म्हणाले, यंदा एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, शेवटच्या फेरीत एक खेळाडू तुझ्या आकड्यांवर घेऊ. फसला तर तुझं आकड्यांचं टेबल बंद. मला दडपण नाही. झोप येत नाही ती हॉटेलच्या हीटरमुळे.
संकल्प: धावेची फक्त लेझर घड्याळाची वेळ धरायची. अंगठ्याने दाबलेलं स्टॉपवॉच म्हणजे अंदाज.

१९ मार्च, ओहायोतलं एक छोटं कॉलेज
थंडीने लेझर बंद. नाइलाजाने स्टॉपवॉच. टॅव्हियन मीक्स, पास झेलणारा: ४.३८ सेकंद!
धाव संपल्यावर वेगवेगळ्या संघांचे स्काउट, खेळाडू हेरणारे, नेहमीप्रमाणे घड्याळं ताडून बघायला जमले. बाकी पाचही जणांकडे ४.५४च्या आसपास. आमचा म्हातारा स्काउट डेल्बर्ट म्हणाला, "पोरी, तो सुटला तेव्हा बटण दाबलंस, की नुसती बघत राहिलीस?"
मी त्याचे पाय बघत होते. सुंदर पडतात. ही तांत्रिक नोंद आहे.
पाच जण एकाच दिशेने चुकतात, तेव्हा दोष पद्धतीत असतो.

२० मार्च
संकल्पात दुरुस्ती: प्रशिक्षित अंगठा चालेल.

११ एप्रिल
रस्कोविचनी मीटिंगमध्ये विचारलं, ४.३८ नक्की ना? मी हो म्हटलं. डेल्बर्ट मध्येच म्हणाला, "साहेब, हिच्या घड्याळाने मीसुद्धा साडेचारात पळेन, गुडघ्याच्या पट्ट्यासकट." सगळे हसले. माझ्यावर परिणाम शून्य. नंतर वीस मिनिटं बाथरूममध्ये होते, ते ईमेलसाठी.

२५ एप्रिल
शेवटच्या फेरीत टॅव्हियनला घेतलं. फोनवर त्याची आई रडली. माझ्या डोळ्यांना स्क्रीनचा त्रास आहे.

९ मे, नव्या खेळाडूंचं शिबिर
लेझर चालू. ४.५५. वारा असेल. (मैदान बंदिस्त आहे.) पुन्हा: ४.५४. मशीन तपासलं. ४.५४.
रस्कोविच निघून गेले. डेल्बर्टने टोमणा मारला नाही. बाटली पुढे केली, म्हणाला, "पाणी पी."
टॅव्हियन धापा टाकत आला. "मॅडम, मी पहिल्यापासून एवढाच पळतो. कॉलेजच्या कोचनेही हेच सांगितलं असेल. मग तुम्ही मला घेतलंत कशासाठी?"
तपासून सांगते, म्हटलं.