नोईनं भरलेलं पातेलं

गुरुवार, दिवेलागण

सिल्लोडच्या लग्नात माझं जेवणात लक्षच नव्हतं. आज नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं होतं आणि घरात एकटी नोई, आमच्याकडं राहून शिकणारी थायलंडची पोरगी. पहिल्या दिवशी तिनं एका आंघोळीत अर्धा ड्रम संपवला, तेव्हा लई बोलले होते मी. जरा जास्तच?

घरी येऊन बघते तर ड्रम, बादल्या, कुकर, वाट्या, सगळं काठोकाठ. चहाचं मोठं पातेलंसुद्धा! मला तर चहाची तलफ आलेली. पातेल्यातलं थोडं पाणी मोरीत ओतायला गेले, तर नोईनं हात धरला.

"नाय काकू! आठ दिवस!"

माझंच वाक्य, माझ्यासारखंच बोट वर करून.

मग काय, पातेलंभर चहा केला. अख्खी गल्ली पिऊन गेली. कप विसळायला मात्र नोईनं कुणाला पाणी दिलं नाय.