प्रोटीन आणि दोराचं शेवटचं टोक

६ नोव्हेंबर २००६, सोमवार
कंपनीने सगळ्यांची मेडिकल केली होती, आज रिपोर्ट मिळाले. माझं प्रोटीन कमी आहे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आहार काय? मी सांगितलं, शुद्ध शाकाहारी, पिढ्यान्‌पिढ्या. त्या म्हणाल्या, ते कळलं, पण खाता काय? प्रश्न खोचक होता. हिंजवडीहून परतताना बसमध्ये आठवून पाहिलं. पोळी, भात, बटाट्याची भाजी, चहा, खारी. दोष शाकाहाराचा नाही, प्लॅनिंगचा आहे. आणि प्लॅनिंग तर माझं काम.

७ नोव्हेंबर
प्लॅन एक्सेलमध्ये तयार. सकाळी मोडाचे मूग, डब्यात उसळ, संध्याकाळी पनीर, झोपताना दुधातून प्रोटीन पावडर. कल्याणीने नीट वाचलं आणि विचारलं, यातलं भिजत कोण घालणार? रिसोर्सचा कॉलम राहिलाच होता. तिचं नाव टाकलं. ती काही बोलली नाही. म्हणजे बायकोचा पाठिंबा आहे.

९ नोव्हेंबर, गुरुवार
आज दत्ताचा उपवास, हे प्लॅन करताना लक्षात आलं नाही. मूग तर भिजले होते. आमच्याकडे अन्न टाकत नाहीत, म्हणून वाटी बाबांपुढे सरकवली. टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यापासून ते घरीच असतात. तेवढाच चाळा. मी साबुदाण्याची खिचडी घेतली. दाण्याचं कूट भरपूर होतं, म्हणजे एका अर्थी प्रोटीनच.

१३ नोव्हेंबर
मूग खाल्ले. एक चमचा. मूग चावायला फार वेळ लागतो आणि कंपनीची बस कोणासाठी थांबत नाही. उरलेले बाबांनी संपवले. दिवसभर अंगात एक वेगळीच ताकद जाणवत होती.

१७ नोव्हेंबर
डिसेंबरात फॅमिली डे. आमचं टेस्टिंग विरुद्ध डेव्हलपमेंट, रस्सीखेच. तन्वीर आमचा कॅप्टन. मी शेवटच्या गड्याची जागा मागितली, कमरेला दोर बांधतो ती. त्याने दोनदा विचारलं, नक्की ना? मी त्याला प्रोटीनचा प्लॅन समजावला. तो म्हणाला, डाळ आमच्याकडेही रोज असते, फक्त आम्ही ती खातो. जळतो.
घरी लेकीला, पूर्वाला सांगितलं. मागच्या फॅमिली डेला तिने मला लिंबू-चमच्यात पडताना पाहिलं. तेव्हापासून ती बाटलीचं झाकणसुद्धा माझ्याकडे आणत नाही. मला ते लागलंय, कोणाला सांगितलेलं नाही. आज तिने चित्र काढलं, कमरेला दोर बांधलेला मी. वर्गात दाखवणार म्हणाली. आता माघार नाही.

१८ नोव्हेंबर, शनिवार
शक्तीचं दैवत मारुती. म्हणून आजपासून शनिवारही धरला, फॅमिली डेपर्यंत. कल्याणी म्हणाली, अहो, प्रोटीन मिळावं म्हणून जेवण सोडताय? श्रद्धेत लॉजिक शोधू नये. पनीर आणलेलं होतं, ते बाबांना दिलं.

२२ नोव्हेंबर
सोयाबीनच्या वड्या. भिजवलेल्या पुठ्ठ्यासारख्या लागतात. बाबांना आवडल्या. त्या पिढीला चव अशी नव्हतीच.

२७ नोव्हेंबर
प्रोटीन पावडर आणली, चॉकलेट फ्लेवर. एक घोट घेतला. खडू. इतका महागाचा डबा वाया जाऊ नये म्हणून कल्याणीला सांगितलं, रोज बाबांच्या रात्रीच्या दुधात घालत जा. म्हाताऱ्या माणसाला काय कळतंय चव.

५ डिसेंबर
डबा संपला. लक्ष्मी रोडचा दुकानदार म्हणाला, एवढ्यात? मी नुसता हसलो. त्याने माझ्या खांद्यांकडे पाहिलं. पाहून पुन्हा हिशेबाकडे वळला, पण पाहिलं हे खरं.

१० डिसेंबर, रविवार
लिफ्ट बंद. गॅसवाला सिलिंडर खालीच ठेवून गेला. मी उतरलो, अंदाज घेतला आणि ठरवलं की स्पर्धेच्या तोंडावर ताकद अशी उधळायची नाही. वॉचमनला शोधायला गेलो. परत आलो तर सिलिंडर स्वयंपाकघरात. बाबांनी आणला होता. या वयात असले उद्योग करायचे नाहीत, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांना बहुधा माझ्याकडून प्रेरणा मिळत असावी.
धोब्याने बाबांचे शर्ट आटवलेत, दंडात बसत नाहीत. त्याच्याशी बोलायला हवं.

१६ डिसेंबर, शनिवार
ऑफिसमागे प्रॅक्टिस. माझे पाय घसरत होते. बुटांचा दोष. तन्वीरने विचारलं, सकाळी काय खाल्लंस? सांगितलं, उपवास. तो म्हणाला, पुढच्या शनिवारी तरी जेवून ये, देव काही मनाला लावून घेणार नाही. मी त्याला म्हटलं, धरलेला वार असा शेवटी सोडत नाहीत. नवे बूट घेतले.

२३ डिसेंबर, शनिवार, संध्याकाळी
आज फॅमिली डे झाला.
तीनपैकी दोन डाव जिंकायचे होते. मी कमरेला दोर बांधला. पूर्वा चित्र घेऊन अगदी पुढे उभी होती. शिट्टी झाली. त्यानंतर मला थेट आकाश आठवतंय. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि डेव्हलपमेंटने मला दोरासकट रेषेपलीकडे ओढत नेलं. मला खुर्चीत बसवून लिंबू सरबत दिलं.
फॅमिली डे असल्यामुळे बदली गडी म्हणून घरचं कोणीही चालतं, असा नियम निघाला. तन्वीर इकडेतिकडे बघतोय तोवर बाबांनी पँट दुमडली होती. मला वाटलं, कोणीतरी त्यांना अडवेल. कल्याणीने त्यांचा चष्मा धरला. पूर्वाने घड्याळ धरलं, आणि त्यासाठी माझं चित्र खाली ठेवलं.
बाबांनी दोर बांधला, टाच रोवली आणि खांबासारखे उभे राहिले. दोन्ही डाव आमचे. पूर्वा आजोबा आजोबा ओरडत होती, घसा बसेपर्यंत.
मग तन्वीरने सगळ्यांसमोर विचारलं, बाबुरावकाका, खाता काय? बाबा म्हणाले, विशेष काही नाही, अभयच्या ताटातलं उरलेलं. अख्खं टेस्टिंग हसलं. सगळ्यात जास्त कल्याणी.
माझ्या घरात, माझ्या पैशाचं, माझ्या नावाचं प्रोटीन माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या अंगी लागत होतं आणि एकानेही मला सांगितलं नाही. मूग भिजवणाऱ्या बायकोला ठाऊक होतं. मुलीलाही असणार. मारुतीला तर नक्कीच होतं. याला विश्वासघात म्हणतात.

२४ डिसेंबर, रविवार
बाबांना जाब विचारला. म्हटलं, तुम्ही निदान सांगायचं तरी.
बाबा म्हणाले, सांगायचं काय त्यात? तू रोज न चुकता माझ्यापुढे वाटी ठेवत होतास. तुझी आई गेल्यापासून मी खाल्लं की नाही हे कोणी विचारलं नव्हतं. मला वाटलं, आता तू लक्ष ठेवतोयस. खालच्या मजल्यावर दोघातिघांना सांगूनही आलो.
वाद घालायला आलो होतो ते विसरून त्यांच्या पायांकडे बघत बसलो. दोर ओढून अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. तेवढ्यात पूर्वा जॅमची बाटली घेऊन आली. मी हात पुढे केला. ती माझ्या गुडघ्याला वळसा घालून त्यांच्याकडे गेली.

२५ डिसेंबर, सोमवार, सकाळी ७
आजपासून खरी सुरुवात. गुरुवार सोडला, शनिवार सोडला. दत्त आणि मारुती समजून घेतील. ताटातलं काही कोणाकडे सरकवायचं नाही. नाताळची सुट्टी असूनही बूट घालून वेळेत टेबलाशी बसलो.
कल्याणीने मुगाची वाटी बाबांपुढे ठेवली. म्हणाली, चॅम्पियन आधी, उरलं तर तुम्हाला.
बाबांनी वाटी पुसून खाल्ली. आमच्याकडे अन्न टाकत नाहीत.