मला पसंत न पडलेली पिस्तुलं

शेतावरून, नेब्रास्का
ऑक्टोबर, सोमवार

प्रिय लाइल,

आधी तुझ्या गुडघ्याला नमस्कार, मग तुला आणि जोनेलला. (क्रम मुद्दाम असा लावलाय. मागच्या फोनवर तू गुडघ्याबद्दल जेवढं बोललास तेवढं बायकोबद्दल लग्नातसुद्धा बोलला नव्हतास.) इकडे वारा सोडला तर सगळं ठीक. गाई बऱ्या आहेत, विहिरीचा पंप बरा आहे, मीही बरी आहे. तुझा भाऊ आर्लन कालपेक्षा आज बरा होता, आणि काल काय झालं ते सांगायलाच हे पत्र लिहितेय. पण मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो हे तू जाणतोसच, तेव्हा कॉफी ओतून घे आणि निवांत बस.

तर, मी पिस्तूल घ्यायला निघाले. हसू नकोस. लग्न होऊन आल्यापासून बंदुकांच्या कपाटावरची धूळ मीच पुसतेय, पण त्यातली माझी म्हणावी अशी एकही नाही, आणि हरणं मारायची लांब बंदूक घेऊन आमच्या घरातल्या बोळात वळायचं म्हटलं तर भिंतीवरचे सगळे फोटो खाली येतील. शेजारच्या शेतावरची श्रोडर मंडळी चर्चला गेली असताना कुणीतरी त्यांचं मागचं दार फोडलं आणि फ्रीझरमधलं अख्ख्या हिवाळ्याचं मांस नेलं. (टीव्हीला हातही लावला नाही. श्रोडरबाईला, एस्थरला, त्याचाच राग जास्त आलाय, तो टीव्ही तिच्या डोळ्यांत कधीचा खुपतोय.) शेरीफला आमच्याकडे पोचायला पाऊण तास लागतो, तोही रस्ता कोरडा असेल तर. पूर्वी मला भीती वाटायची नाही, कारण शेजारी आर्लन झोपलेला असायचा. अजूनही असतो. पण डॉक्टर त्याच्या स्मरणाबद्दल काय म्हणाले ते तुला सांगितलंच आहे. आता घराकडे लक्ष ठेवायचं ते मी, आणि त्याच्याकडेही मीच. आम्ही दोघं या घरात सुखरूप राहावं आणि राखण त्याच्याकडून माझ्याकडे आली हे त्याला कळू नये, एवढाच घोर मला लागलाय.

गावात सल्ला विचारला ही माझी चूक. या बाबतीत ज्याला विचारावं तो स्वतःकडे आहे तेच घ्या म्हणतो, आणि जरा खोदलं तर तेच विकायलाही तयार असतो. पास्टर ग्रीनवाल्ड तर प्रवचन संपल्यावर मला मोटारीपाशी घेऊन गेले आणि आसनाखालून आपलं पिस्तूल काढून दाखवलं. (प्रवचन क्षमेवर होतं.) शेवटी मी तालुक्याच्या गावातल्या दुकानात गेले. आर्लनला एकटं ठेवता येत नाही म्हणून तोही बरोबर. दाढीवाल्या विक्रेत्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एक एवढंसं, हलकं, गुलाबी मुठीचं रिव्हॉल्व्हर पुढे ठेवलं. बायकांना हेच आवडतं म्हणे, पर्समध्ये मावतं.

आर्लन तोवर भिंतीवरची हरणांची डोकी बघत उभा होता. सकाळी त्याला मोजे कशाला असतात ते आठवत नव्हतं. तो आला, रिव्हॉल्व्हर उचललं, नळी जमिनीकडे धरून गोळ्यांचं चाक उघडलं, रिकामं आहे हे डोळ्यांनी पाहिलं, मग बोट घालून पाहिलं, आणि शांतपणे म्हणाला, "जितकं हलकं तितका धक्का जास्त. हिचं मनगट आधीच दुखतं. ही एकदा उडवेल आणि पुन्हा हात लावणार नाही. तू तुझ्या आईला दिलं असतंस का रे हे?" विक्रेत्याने ते उचलून आत ठेवलं. मग दुसरी पिस्तुलं निघाली. त्यांचा वरचा भाग मागे सरकवायला जोर लागतो, आणि माझी संधिवाताची बोटं अर्ध्यावरच अडकली. तेव्हा आर्लनने मागून येऊन माझे दोन्ही हात धरले आणि दाखवलं, वरचा हात नुसता ओढायचा नाही, खालचा हात पुढे ढकलायचा. (भर दुकानात. या वयात मी लाजले. जोनेलला सांगू नकोस.)

लाइल, तासभर मला माझा नवरा परत मिळाला. म्हणून मला ते पिस्तूल पसंत पडलं नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दुकानात गेलो, तिथलंही नाही पडलं. एकाची मूठ जाड, एकाचा चाप कडक, एकाचा रंग बरा नाही. रंगाचं ऐकल्यावर आर्लनने विक्रेत्याकडे बघून अशी मान हलवली की मला आमचं लग्न झाल्यापासूनचे सगळे पडदे आणि सतरंज्या आठवल्या. आता आसपासचे दुकानदार मला बघून दिवा मालवायच्या बेतात असतात. मालवोत बापडे.

आता कालचं. दुपारी तो झोपला होता आणि मी सफरचंदाच्या केकचं करत होते. मागे वळले तर दारात आर्लन, हातात हरणाची बंदूक. कपाटाची किल्ली मी मैद्याच्या डब्यात दडवली होती, पण त्याने किल्ली शोधलीच नव्हती. कपाटाच्या बिजागऱ्या काढून दार भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि स्क्रू बशीत. नळी जमिनीकडे होती, सवयीने. त्याने अगदी अदबीने विचारलं, "बाई, तुम्ही कोण? माझ्या घरात काय करताय?"

माझ्या तोंडातून निघालं ते असं की मी व्हर्नाची, म्हणजे माझीच, मैत्रीण, ती अंडी द्यायला गेलीय, येईलच, तुम्ही बसा, कॉफी देते. तो बसला. बंदूक मांडीवर. आणि मला व्हर्नाबद्दल सांगू लागला. हट्टी आहे म्हणे. केकमध्ये साखर घालताना हात आखडता घेते. "पण ती घरात नसली ना, की मला काही सुचत नाही. तुम्ही थांबा, ती आली की ओळख करून देतो." इतक्या वर्षांत त्याने मला कधी असं म्हटलं नाही. मी म्हटलं, थांबते. थोड्या वेळाने त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "व्हर्ना, गालाला पीठ लागलंय." बंदूक मी काढून घेतली, त्याने दिली. नंतर पाहिली तर भरलेली होती.

तेव्हा पिस्तुलाचा विचार सोडलाय. मागच्या दाराला जाड कडी बसवून घेतेय आणि अंगणात मोठा दिवा. चोराला मांस हवं असेल तर नेऊ दे. काल माझ्याजवळ पिस्तूल असतं आणि मी दचकून वळले असते तर, हा विचार एकदा केला, पुन्हा करणार नाही.

तुझी वहिनी,
व्हर्ना

ता. क. हरणांचा हंगाम सुरू व्हायच्या आत ये. गुडघा घेऊनच ये. आणि आर्लनकडे त्याची बंदूक माग. माझ्याकडे नको, त्याच्याकडे. तुझी गंजली म्हण, नेम लागत नाही म्हण. माझ्या मनात होतं की तो झोपला असताना सगळ्या बंदुका गाडीत भराव्यात, पण रिकामं कपाट बघून त्याला वाटेल की चोरी झाली, आणि मग तो रात्रंदिवस चोर शोधेल. भावाने मागितलेली वस्तू मात्र तो देईल. एक दिली की तुझ्या जावयांसाठी म्हणून बाकीच्याही माग. काडतुसंसुद्धा. एकही मागे ठेवू नकोस.

दुसरा ता. क. तो विचारेल, परत कधी आणशील. हंगाम संपला की, असं सांग. तुला खोटं बोलता येत नाही, तेव्हा येताना गाडीत सराव कर. मग आणू नकोस. तो विसरून जाईल, आणि त्याच्या विसरण्याचा मला पहिल्यांदाच उपयोग होईल. तुमचं हे बोलणं चाललेलं असताना मी भांडी घासत असेन. माझ्याकडे बघू नकोस.