कंबर एकोणीस

३ जून
कंबर एकोणीस. टेप दोनदा लावली. एकोणीसच.

मापाची वही मागे उलटली. दोन वर्षांपूर्वी बावीस, गेल्या वर्षी एकवीस, आज एकोणीस. उंची वर्षभरात अर्धा इंच. नऊ वर्षांची पोर आहे! बाकीच्यांच्या आया ‘शिलाईत माया ठेवा’ म्हणून मागे लागतात, आणि ही आटत चाललीय.

गणवेशाला बाप घेऊन आला होता. मी त्याला मनात इस्त्रीवाले म्हणते – शर्टावर एक सुरकुती दिसायची नाही. गणिताच्या शिकवण्या घेतो. बोलणं लोण्यासारखं. तो दाराबाहेर फोनवर होता तेवढ्यात पडद्यामागे पोरीला बिस्किटं दिली. दोन खाल्ली, दोन मोज्यात सरकवली. जेवली नाहीस का, विचारलं.

“आज माझं जेवण नाही,” म्हणाली. आज शाळा नाही, असं सांगावं तसं.

गणितं चुकली की जेवण बंद. जितकी चुकली तितक्या वेळा. आणि आई? आई ताट उचलून ठेवते म्हणे.

४ जून
माझा काय संबंध. मी कपडे शिवते.

६ जून
केला फोन. बालकल्याण कार्यालयात. आवाज इतका कापत होता की पलीकडच्या माणसाला वाटलं मीच पीडित. दुपारी तिथली एक बाई आली. पाणीसुद्धा प्यायली नाही. वही उघडून तिन्ही पानांचे फोटो काढले आणि म्हणाली, तराजूचं काम तुमच्या टेपनं केलं. मला कौतुकासारखं वाटलं. वाटायला नको होतं.

११ जून
पोर इस्पितळात. चार दिवसांनी आत्याकडे जाईल. आईबाप दोघांवर गुन्हा – छळ आणि उपासमार.

दोन जुनी गिऱ्हाइकं न शिवलेलं कापड परत घेऊन गेली. एक म्हणाली, शिस्त लावणं गुन्हा झाला का आता? दुसरीनं कापड माझ्यासमोर मोजून घेतलं. तिचं जास्त लागलं.

२० जून
सरकारी वकीलबाईंनी बोलावलं होतं. तरुण आहेत. काळ्या कोटाचा डावा खांदा बोटभर उतरलेला – माझं अर्धं लक्ष तिथेच. वही पुन्हापुन्हा वाचत होत्या. मग गेल्या वर्षीच्या पानावर बोट ठेवलं. तिथे माझ्याच अक्षरात: ‘जुना स्कर्ट, कंबर १ इंच आत.’

म्हणजे गेल्या वर्षीच कळलं होतं ना तुम्हाला, म्हणाल्या.

वाढीचं वय, पोरं कधी बारीक होतात, असं काहीतरी सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांचा वकील हेच विचारणार, उत्तर तयार ठेवा.

उत्तर तयार ठेवा! खरं उत्तर हे, की मला दिसलं होतं. दिसलं, आणि मी टीप मारून स्कर्ट अंगाबरोबर करून दिला. ढगळ दिसू नये म्हणून.

२१ जून
ते पान फाडावं असं आलं मनात. पण त्यांच्याकडे फोटो आहेत. म्हणून नाही फाडलं. नुसत्या प्रामाणिकपणानं नाही, हे इथे तरी लिहून ठेवते.

१४ जुलै
पहिली तारीख. न्यायाधीश रजेवर. घरी.

२ ऑगस्ट
दुसरी तारीख. त्यांच्या वकिलानं कागद वाचायला वेळ मागितला. मिळाला. शिपाई ओळखू लागलाय, आज त्यानं खुर्ची दिली. म्हणाला, सवय करून घ्या मावशी, इथे सगळ्यात जास्त काम बाकांना असतं.

१७ ऑगस्ट
लेकीचा फोन. महिन्यातून एकदा येतो. तब्येत, हवा, गोळ्या घेतेस का, ठेवते – एवढंच. आज मी या प्रकरणाचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग, “तक्रार तू केलीस?” मी हो म्हटलं. तिनं फोन ठेवला. कामात असेल.

९ सप्टेंबर
आज सुनावणी. दहा वाजता पोचले, नवी साडी नेसून. मनात सगळं घोकलेलं. गेल्या वर्षीचंसुद्धा. खरं तेच सांगायचं ठरवलं होतं.

दोन वाजेपर्यंत बाकावर. समोरच्या बाकावर त्या पोरीची आई. आमच्यामध्ये चार हात फरशी. तिच्याकडे बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. नवऱ्याचं एक असेल, पण हिनं पोटच्या पोरीपुढचं ताट उचललं! आई असून मूग गिळून बसली!

दोन्ही वकील जिन्यापाशी उभे राहून बोलत होते. वीस मिनिटं. मध्ये एकदा हसले. मग आत गेले, आणि दहाव्या मिनिटाला संपलं.

वकीलबाईंनी बाहेर येऊन सांगितलं. छळाचं आणि उपासमारीचं कलम मागे घेतलं. बापानं ‘दुर्लक्ष’ कबूल केलं. दोन वर्षं चांगल्या वर्तणुकीची हमी, पालकांच्या वर्गाला बारा शनिवार. आईवरचं सगळं रद्द. मुलगी सहा महिने आत्याकडे, मग पुन्हा विचार. मी विचारलं, आणि माझी साक्ष? त्या म्हणाल्या, गरज पडली नाही. पोरीला उभं करावं लागलं असतं, तिच्या बापासमोर. ती आत्ताच शब्द गिळते. उभी राहून गप्प बसली असती तर दोघंही सुटली असती. हे निदान हातात आलं.

पटलं. आणि खोटं कशाला लिहू – सुटल्यासारखंही वाटलं. ते पान कुणी मोठ्यानं वाचणार नव्हतं. जिना उतरेपर्यंत त्या सुटकेची लाज वाटायला लागली.

इस्त्रीवाले समोरून आले. मला नमस्कार केला! गणवेश तयार झाला असेल ना, विचारलं.

मागून पोरीची आई. मला काहीतरी बोलायचंच होतं, बोलले: तुम्हाला दिसत कसं नव्हतं?

ती थांबली. रागावली नाही.

“दिसत होतं,” म्हणाली. “रोज. तुम्हाला वर्षातून एकदा दिसायचं.”

आणि गेली. नवऱ्याच्या चार पावलं मागून.

१० सप्टेंबर
दुकान बंद ठेवलं.

१४ सप्टेंबर
लेकीचा फोन. महिना झाला नव्हता तरी. तिनं तब्येत विचारली नाही.

“आई, बाबा मला माळ्यावर कोंडायचे, तेव्हा तू खाली मशीन चालवत असायचीस. तुला ऐकू येत होतं का?”

तिचे बाबा जाऊन सहा वर्षं झाली. आजवर या रोजनिशीतसुद्धा मी हे लिहिलेलं नाही.

येत होतं, मी म्हणाले.